अदृश्य किरणांचा संकेत

सिंदी मेघे येथील आमच्या घरीं अल्पपरिचित बनावटीचा दूरचित्रवाणी संच आहे. त्याचा रिमोट फुटला, संचावरील बटणेंही निकामी. अंथरुणास खिळलेल्या आजींची करमणूक थांबली. बाजारी रिमोटच्या यादींत त्या संचाचें नांवही नाहीं!

रिमोट अवरक्त किरणांनीं बोलतो. हे किरण हर्शेलनें १८०० सालीं शोधिले. पुष्कळ संचांच्या ‘एनईसी’ पद्धतींत आधीं ९ मिलिसेकंद प्रकाश, मग ४.५ मिलिसेकंद अंधार, पुढें शून्य-एक अशा आठ अंकांचा पत्ता व आठांची आज्ञा. दोहोंची उलट प्रत सोबत, म्हणून चूक कळते. एकूण शक्यता ६५,५३६. एकेकीस १०८ मिलिसेकंद धरल्यास दोन तासांचें काम! आमचा संच त्याच पद्धतीचा असावा, असा तर्क करून आम्ही लहानशा संगणकपट्टीस अवरक्त दिवा जोडून बसलों. संच उजळतांच थांबलों, मागील वीस संकेत सावकाश पुन्हां पाठविले, आणि उत्तर देणारा वहींत उतरविला.