मंडळीची वार्ता आणि मंडळीची सेवा

वाचावयाचा भाग : प्रेषितांची कृत्ये ११:१९–३०, १४:२६–२८, करिंथकरांस दुसरे पत्र ८:१६–२१.

खेड्यातील मंडळीचे वर्तमान लिहावयास बसले म्हणजे लेखणीपुढे दोन वाटा असतात. एक सोपी : सण झाला, भजन झाले, पाहुणे आले, हार घातले, चहापान होऊन समारंभ संपला. दुसरी थोडी अवघड : गावात कोणास काय उणे होते, ते मंडळीच्या कानी कसे आले, मंडळीने काय केले आणि काय करावयाचे राहिले. पहिल्या वाटेने लिहिलेले वर्तमान खोटे असते असे नव्हे. सणाचा आनंद ही देवाचीच देणगी आहे. परंतु तेवढेच लिहिण्याची सवय जडली की हळूहळू तेवढेच करण्याचीही सवय जडते. म्हणून आजच्या पाठात वार्ता आणि सेवा यांचा संबंध काय, हे आपण पवित्र शास्त्रावरून व आपल्याच मुलखातील उदाहरणांवरून पाहू.

१. अंत्युखियाच्या मंडळीने वार्ता ऐकली

शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या पुढच्याच वचनांत काय घडले याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. अगब नावाचा संदेष्टा यरुशलेमेहून आला आणि मोठा दुष्काळ पडणार, असे त्याने सांगितले. नाव मिळाले आणि लागलीच त्या नावाची परीक्षाही आली.

हा दुष्काळ क्लौद्य कैसराच्या काळी पडला. त्याची कारकीर्द इ. स. ४१ ते ५४. यहुदी इतिहासकार योसेफस यानेही यरुशलेमेतील त्या काळच्या उपासमारीची हकीकत लिहून ठेविली आहे. आदियाबेनची राणी हेलेना हिने मिसरातून धान्य आणि कुप्र बेटातून सुके अंजीर विकत आणवून तेथील लोकांस वाटले, असे तो सांगतो. राणी ख्रिस्ती नव्हती. यहुदी धर्म तिने स्वीकारिला होता. दया करण्याचा मक्ता एकट्या आपल्याकडे नाही, एवढे ध्यानात राहावे म्हणून हे येथे सांगितले.

अंत्युखियाच्या मंडळीपाशी राणीचा खजिना नव्हता. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे देण्याचे ठरविले. येथे तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, संकट दूरच्या गावचे होते, तरी त्यांनी ते आपले मानिले. दुसरी, ऐपत हेच माप ठरल्यामुळे धनवानास मिरविण्यास आणि गरिबास लाजण्यास कारण उरले नाही. तिसरी, वार्ता ऐकून ते नुसते हळहळले नाहीत. ठराव करून उठले. वार्ता ऐकून हात हलला नाही, तर ती वार्ता कानापाशीच मेली म्हणावयाची.

२. मदत वडिलांच्या हाती गेली

तिसाव्या वचनात आहे की, ही मदत बर्णबा व शौल यांच्या हाती यरुशलेमेच्या मंडळीच्या वडिलांकडे पाठविली. ‘वडील’ या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द ‘प्रेसबुतेरोस’. त्यावरूनच ‘प्रेसबिटेरियन’ हे नाव आले. ज्या मंडळीचा कारभार एका मनुष्याच्या हाती नसून तिने निवडलेल्या वडिलांच्या हाती असतो, ती प्रेसबिटेरियन पद्धतीची मंडळी होय.

ही पद्धत महाराष्ट्रात नवी नाही. रॉयल वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरास आले, आणि १८७० साली ते काम अमेरिकेतील प्रेसबिटेरियन बोर्डाकडे आले. पुढे १९२४ साली प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. आपल्या खानदेशातील पुष्कळ मंडळ्या दुसऱ्या मिशनांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या : भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. नावे निराळी असली तरी वडिलांचे काम यांपैकी कोणासही परके नाही.

मदत वडिलांकडेच का गेली? कारण कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे गावातील मनुष्यासच ठाऊक असते. आणि ती नेण्यास एकटा शौल न जाता दोघे का गेले? करिंथकरांस लिहिताना पौल याचे उत्तर देतो. तीताबरोबर त्याने मंडळ्यांनी निवडलेला बंधूही धाडिला. कारण या मोठ्या रकमेविषयी कोणी दोष लावू नये आणि आपला व्यवहार प्रभूच्या दृष्टीने तसाच मनुष्यांच्या दृष्टीनेही चोख असावा, अशी त्याची काळजी होती. प्रेषिताने जी काळजी घेतली ती आमच्या पंचमंडळास जड वाटू नये.

३. आपल्या मुलखातील दोन उदाहरणे

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जालना आहे. तेथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेसबिटेरियन मंडळीचे पाळक नारायण शेषाद्री यांनी काम केले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या गृहस्थांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईस झाला. जालन्यास त्यांनी मांग आणि महार समाजांतील लोकांत आपले आयुष्य वेचिले व जवळच बेथेल नावाचे गाव वसविले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिला ते गेले. जालन्याच्या वस्तीतील माणसांची वार्ता अशा रीतीने एका हिंदी पाळकाच्या मुखाने समुद्रापार पोहोचली.

दुसरे उदाहरण मिरजेचे. डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ साली प्रेसबिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस दवाखाना चालवून पुढे ते मिरजेस गेले, आणि १८९४ साली तेथे इस्पितळ उघडले. १८९७ पासून हिंदी तरुणांस वैद्यकीय शिक्षण देण्यास आरंभ झाला. कुष्ठरोग्यांसाठीही निराळी सोय झाली. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होऊन ज्याची दृष्टी परत आली तो मनुष्य गावी जाई, आणि त्याच्या चालण्यावरून गाव ओळखी की याला दिसू लागले. इस्पितळाचे खरे वर्तमानपत्र तोच होता. सेवा जेव्हा खरी असते तेव्हा सेवा घेणाराच तिची वार्ता नेतो.

खानदेशात याच जातीचे काम नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यास आहे. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने १९४२ साली तेथे इस्पितळ सुरू केले. तो भाग त्या वेळी पश्चिम खानदेशात होता, पुढे धुळे जिल्ह्यात राहिला, आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

४. संशयाचे ओझे

येथे एक कठीण गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. १८९९–१९०० साली जो दुष्काळ पडला, ज्याला आपल्याकडे छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, त्याने खानदेशास फार गांजिले. गुरे मेली, घरे ओस पडली, पोरकी मुले रस्त्यावर आली. त्या काळी अनेक मिशनांनी अन्न दिले व अनाथालये चालविली. पुष्कळ जीव वाचले. परंतु त्याच वेळी एक बोलही उठला : भाकरी देऊन धर्म घेतला. तो बोल अद्याप पुरता विझलेला नाही, आणि खेड्यातील साध्या विश्वासणाऱ्यास तो आजही ऐकावा लागतो.

याला उत्तर वादविवादाने देता येणार नाही. उत्तर एकच : सेवा करताना अट घालू नये, आणि केलेल्या सेवेचा हिशेब उघडा ठेवावा. धान्य वाटावयाचे तर गरज पाहून वाटावे. कोण कोणत्या देवळात जातो हे पाहून नव्हे. भुकेल्यापुढे ताट ठेवून त्याच्या विश्वासाचा सौदा करणे हा त्या मनुष्याचा अपमान आहे आणि सुवार्तेचाही. जे मन भाकरीने विकत घेतले ते उद्या दुसऱ्या भाकरीने जाईल.

५. आज सेवा कोठे आहे?

दुष्काळाचीच वाट पाहण्याचे कारण नाही. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. रस्त्याकडेला भरलेला रांजण आणि तो रोज भरणारा एक मनुष्य ही लहान सेवा नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याची व नवापूरकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस गुजरातेत व इतरत्र जातात. मंडळी अर्धी रिकामी होते. म्हातारी माणसे व काही मुले मागे राहतात. त्यांची नावे उपदेशकाने लिहून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा दाराशी जावे.

क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. साधारण क्षयरोगास ते सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटू लागले की रोगी ते सोडतो, आणि रोग अधिक चिवट होऊन परततो. शेजारच्या एका वडिलाने सहा महिने रोज विचारपूस केली तर एक घर वाचते.

भिल्ल, पावरा आदि समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. आई व बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक मनुष्य दिसावयास निरोगी असतो. रक्त तपासल्यावाचून कळत नाही. विवाह ठरविण्याआधीच उभय पक्षांनी तपासणी करून घ्यावी, असे पाळकाने व उपदेशकाने समजावून सांगावे. मात्र तपासणीत काय निघाले हे त्या दोन घरांचे गुपित आहे. ते मंडळीच्या ओट्यावर येऊ नये.

६. वर्तमान कसे लिहावे

कोणी विचारील, उजव्या हाताचे डाव्या हातास कळू देऊ नये ही प्रभूची आज्ञा असता सेवेची वार्ता लिहावीच का? प्रभूने निषेध केला तो लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेल्या दानाचा. मंडळीच्या पैशाचा हिशेब सांगणे ही वाहवा नव्हे, ते ऋण आहे. पौल व बर्णबा अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी मंडळीस एकत्र करून देवाने काय केले ते सांगितले. म्हणून देणाऱ्याचे नाव शक्यतो लिहू नये. घेणाऱ्याचे तर मुळीच लिहू नये. रक्कम, वस्तू, गाव व दिवस मात्र बिनचूक लिहावे.

नमुन्यादाखल, कल्पनेने, असे लिहिता येईल : “वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्याने मजुरांस पंधरा दिवस काम नव्हते. दोन वडिलांनी वस्ती फिरून पाहिली. अकरा घरी धान्य संपले होते. चार घरे आपल्या मंडळीची, सात इतरांची. मंडळीने दोन पोती दादर जमवून अकराही घरी माणसे मोजून वाटली. एका वृद्धेचे छप्पर शाकारावयाचे राहिले आहे.”

या वर्तमानात अलंकार नाही, पण शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. राहिलेले काम जे लिहितात त्यांच्यावर लोक विश्वास ठेवितात. आणि ते वाचून कदाचित शेजारच्या गावचा कोणी वासे घेऊन येईल. असे झाले म्हणजे एका सेवेच्या हिशेबातूनच दुसऱ्या सेवेची वार्ता निघाली.

विचारासाठी प्रश्न

(१) गेल्या तीन महिन्यांत आपल्या गावातील कोणत्या अडचणीची वार्ता मंडळीपुढे आली? ती कोणी आणिली?
(२) आपल्या मंडळीचा मदतनिधी कितीजण मोजतात? हिशेब वर्षातून किती वेळा वाचून दाखविला जातो?
(३) मंडळीबाहेरील कोणाची सेवा आपण केली? त्यात काही अट होती काय?
(४) कोणते काम राहिले आहे? ते येत्या रविवारी कोण हाती घेईल?

प्रार्थनेचा विषय : ऊसतोडीस गेलेली कुटुंबे, आणि त्यांच्या मागे घरी राहिलेली माणसे.