वळिवाआधी फांदी उतरवण्याची रीत

रत्नागिरी–नागपूर महामार्गाचं काम २०२० साली मिरज तालुक्यातल्या भोसे गावात पोहोचलं, तेव्हा तिथला चारशे वर्षांचा मानला जाणारा वड तोडला जाणार होता. लोक झाडासाठी उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. पुढे २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तोच वड उन्मळून पडला. जुनं झाड एकदा तोडण्यापासून वाचवलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. त्याची निगा वर्षानुवर्षं राखावी लागते.

सातारा–सांगलीकडे चैत्र-वैशाखात वळीव येतो तो वारा घेऊनच. वाळकी फांदी पारावर, शाळेच्या पत्र्यावर, नाहीतर उभ्या गाडीवर पडते. मग घाबरून अख्खं झाडच बोडकं केलं जातं. कुऱ्हाडीने छाटलेल्या खोडक्यांतून दोन वर्षांत धुमाऱ्यांचे झुबके फुटतात. ते वरवर चिकटलेले असल्याने पुढच्या वादळात आधी तेच मोडतात. म्हणून गरज असेल तीच फांदी उतरवायची, आणि झाडाला जखम मिटवता येईल अशा जागी काप घ्यायचा. खालची रीत त्यासाठीच आहे.

लागणारं साहित्य

वाकड्या पात्याची धारदार हातकरवत, जाड लाकडासाठी चेनसॉ, हेल्मेट, चष्मा, हातमोजे, कमरेला आणि मांड्यांना बसणारा हार्नेस. दोन दोर: माणसाचा वेगळा, लाकडाचा वेगळा. लाकूड उतरवताना दोर घासतो, त्याला झटके बसतात. तो दोर पुन्हा माणसाच्या कमरेला बांधायचा नाही. खाली किमान दोन माणसं हवीत, त्यातला एक जण पूर्णवेळ वर पाहणारा.

१. परवानगी आणि सहमती

शहरात १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे आधी अर्ज करा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे. रस्त्याकडेचं झाड असेल तर रस्ता ज्या खात्याकडे, त्याला विचारा. देवळापुढचं असेल तर गुरवाला आणि गावातल्या जाणत्यांना बोलावून कोणती फांदी, कशासाठी, हे झाडाखाली उभं राहून दाखवा. नारळ वाढवायचा असेल तर वाढवू द्या. ज्या गावाला कारण पटलं, ते गाव पुढेही झाडावर लक्ष ठेवतं.

२. महिना आणि वेळ

वाळलेली फांदी कधीही काढता येते. हिरवी काढायचीच असेल तर पालवी फुटण्याआधी, माघाच्या सुमारास काढा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण आणि जतच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. म्हणून घाटमाथ्यावरचं काम लवकर उरका, कारण ओल्या हवेत ताज्या जखमेवर बुरशी पटकन बसते. एप्रिल-मे महिन्यांत उजाडताच चढा आणि ऊन चढायच्या आत उतरा. दुपारनंतर ढग गोळा होऊ लागले की वर कोणी असता कामा नये.

३. खालून वर पाहणी

घाई इथे सर्वांत महाग पडते. आधी बुंध्याभोवती फिरा. माती भेगाळून एका बाजूला उचलली आहे का? बुडाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आहेत का? लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? यातलं काही दिसलं तर दुखणं मुळात आहे. फांद्या कमी करून ते जाणार नाही. अशा झाडावर न चढता जाणकाराला बोलवा.

मग वर पाहा: वाळकी टोकं, ढोल्या, चिरलेली बेचकी. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, बेचक्यातच फाटतं. चिंच चिवट असते, पण तिच्या जुन्या फांद्या आतून पोखरलेल्या निघतात. ढोलीत पिंगळ्याचं किंवा पोपटाचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी काम नाही. करवतीच्या हादऱ्याने माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते.

४. वीज आणि रस्ता

तार जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्या, आणि वायरमनने तार अर्थ करून ‘आता चढा’ म्हटल्यावरच चढा. ओली फांदी आणि ओला दोर, दोन्हींतून वीज उतरते. फांदीच्या लांबीच्या दुपटीएवढी जागा दोरी लावून मोकळी करा. कराड–वाळवा भागात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या येत राहतात. भरलेली ट्रॉली झटक्यात थांबत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना लांबवर माणूस उभा करा.

५. चढणं

दोर खोडाजवळच्या जाड, जिवंत बेचक्यातून घ्या. चढण्याआधी दोघांनी जमिनीवरून लोंबकळून तो ताणून पाहावा. वाळक्या फांदीवर भार टाकू नका. हाका आधीच ठरवा: ‘थांब’, ‘सोड’, ‘आलं’. खालच्याने उलट हाक दिल्याशिवाय वरच्याने करवत चालवायची नाही. शिडीवरून चेनसॉ चालवू नये. खांद्याच्या वर किंवा एका हाताने तर नाहीच नाही.

६. तीन काप

हाच या कामाचा गाभा.

*पहिला काप खालून:* खोडापासून फूट-दीड फुटावर, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. फांदी मोडताना साल खोडापर्यंत सोलत जाते, ती या कापापाशी थांबते.

*दुसरा काप वरून:* पहिल्याच्या दोन-चार इंच पुढे, टोकाच्या बाजूला. फांदी इथे तुटते. जड असेल तर आधी तिला लाकडाचा दोर बांधा आणि तो खालच्यांनी खोडाला वेढा देऊन हळूहळू सोडावा. नुसत्या हातांनी वजन धरू नये.

*तिसरा काप खुंटाचा:* फांदी खोडाला मिळते तिथे खाली फुगवटा असतो आणि बेचक्यात सालीची उंच सुरकुती असते. काप या दोन्हींच्या लगेच बाहेर घ्या. फुगवट्याला करवत लागू देऊ नका आणि लांब खुंटही सोडू नका.

हा फुगवटा का जपायचा? अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं की झाडाचा कुजका भाग पुन्हा नवा होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंत घालतं आणि कूज आतच कोंडतं. ती भिंत फुगवट्यापाशी उभी राहते. खोडाशी सपाट काप घेऊन फुगवटा उडवला, तर कूज थेट खोडात शिरते.

७. किती काढायचं

एका वर्षात हिरव्या घेराच्या पावभागापेक्षा जास्त कधीही नको. म्हाताऱ्या झाडाचं तर त्याहून पुष्कळ कमी, शक्यतो वाळलेलंच. झाडाचं अन्न पानंच तयार करतात. आतल्या सगळ्या फांद्या काढून टोकाला झुपका ठेवला, तर वाऱ्याचा सारा जोर टोकावर येतो.

वडाच्या पारंब्या तोडू नका. वैराटगडाजवळच्या म्हसव्याच्या वडाच्या सावलीचा घेर १८८२ च्या मोजणीत १,५८७ फूट भरला होता. एवढा पसारा पारंब्यांनीच तोलला जातो. कोलकात्याजवळच्या शिबपूर उद्यानातल्या वडाचं मूळ खोड बुरशीमुळे १९२५ साली काढावं लागलं, तरी ते झाड पारंब्यांवर आजही उभं आहे. लांब आडव्या फांदीच्या पारंब्या उभ्या चिरलेल्या, माती-शेणखत भरलेल्या बांबूतून जमिनीपर्यंत आणा. फांदी कापण्याऐवजी तिला टेकू मिळेल.

८. जखमेवर काय लावायचं

डांबर, ऑइलपेंट, सिमेंट यांतलं काहीही नको. त्याखाली ओल कोंडते आणि कूज वाढते. तासगावचे द्राक्षबागायतदार बोर्डो जाणतात. आंब्यासारख्या फळझाडावर मोठा काप झाला असेल, तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट करून लावण्याची पद्धत आहे. पण चुकीचा काप कोणत्याही लेपाने सुधारत नाही. वड-पिंपळाची जखम स्वच्छ, गुळगुळीत आणि उघडी ठेवा. ढोलीत सिमेंट भरू नका.

९. बुडाची निगा

वरचं काम संपलं की खाली या. बुंध्याला भिडलेले पेव्हिंग ब्लॉक आणि काँक्रीट मागे सरकवून मोकळी माती ठेवा. नवा पार बांधायचा असेल तर बुंध्यावर भर घालू नका आणि पायासाठी मुळं तोडू नका. खिळे, पाट्या आणि आवळलेल्या तारा काढा. बारीक डहाळ्या तुकडे करून बुंध्यापासून वीतभर लांब पसरा. पाला शेळ्यांना द्या. झाडाखाली कचरा पेटवू नका. त्या धगीने एका बाजूची साल मरते आणि पोकळीची सुरुवात तिथून होते.

१०. वर्षाने तपासणी

तारीख, फांदीची जाडी आणि कारण वहीत लिहा, कापाचा फोटो ठेवा. पुढच्या वर्षी तिथे परत जा. कापाच्या चहूबाजूंनी नव्या सालीचं गोल, सारख्या जाडीचं कडं आलं असेल तर काप बरोबर होता. कडं फक्त दोन बाजूंना येऊन वर-खाली फट राहिली असेल, तर करवत फुगवट्यात गेली होती. कडं आलंच नाही आणि खुंट वाळला, तर तो लांब राहिला होता. ज्याने काप घेतला त्यालाच समोर उभं करून हे दाखवा, आणि मगच त्याच्या हाती पुढच्या झाडाची करवत द्या.