पुण्याचे दोन महोत्सव

डिसेंबरची थंडी पडू लागली की पुणे शहरात पाहुण्यांची वर्दळ वाढते. कोणी सोलापूरहून येतो, कोणी धारवाडहून, तर कोणी मुंबईहून. खांद्यावरच्या पिशवीत एक शाल आणि घरून आणलेली शिदोरी असते. त्यांना ना देवदर्शन घ्यावयाचे असते, ना व्यापार करावयाचा असतो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात बसून मनसोक्त गाणे ऐकावे, एवढ्याचसाठी ते आलेले असतात.

हा महोत्सव एका शिष्याच्या कृतज्ञतेतून उभा राहिला. भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ सालचा. गदग येथील या मुलाला गाण्याचे विलक्षण वेड होते. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने गुरूच्या शोधासाठी घर सोडले. जवळ पैसा नव्हता, रेल्वेचे तिकीटही नव्हते. ग्वाल्हेर, जालंधर असा दूरदूरचा प्रवास त्याने केला. पण नवल असे की, ज्याच्यासाठी त्याने एवढी वणवण केली, तो गुरू त्याला अखेर आपल्याच मुलखात, धारवाडजवळच्या कुंदगोळ गावी लाभला. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे ते गुरू होत. १९३६ पासून भीमसेन त्यांच्यापाशी शिकू लागले.

१९५२ साली गुरूंनी देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनांनी १९५३ साली पुण्यात संगीतसभा भरविली. त्यातूनच हा महोत्सव वाढला. २०११ साली भीमसेनही गेले. पुढे गुरूच्या नावाशेजारी शिष्याचेही नाव महोत्सवाला जोडण्यात आले.

हिवाळा संपण्यापूर्वी या शहरात दुसराही मेळा भरतो. तो पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होय. त्याचा आरंभ २००२ साली झाला. देशोदेशींचे चित्रपट येथे दाखविले जातात. प्रेक्षकांना इराणची किंवा पोलंडची भाषा येत नसते. तरी पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षरे वाचीत ते परक्या मुलांच्या सुखदुःखांत रंगून जातात.

गाणे गाइले की हवेत विरून जाते. चित्रपट मात्र कायम राहतो, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली निघाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जुन्या फिती चटकन पेट घेत. कित्येक फिती आगीत जळाल्या, कित्येक सडल्या, तर काही त्यांतील चांदीसाठी वितळविल्या गेल्या. तेराशेहून अधिक मूकपट या देशात निर्माण झाले. त्यांपैकी अगदी थोडे उरले आहेत.

उरले तेवढे तरी वाचावेत, म्हणून १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी आपले आयुष्य वेचले. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ या १९१९ सालच्या मूकपटाचे विस्कळीत तुकडे त्यांनी मिळविले आणि क्रमाने जुळविले. त्यात बाळकृष्णाचे काम फाळके यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केले आहे. तिचे ते हसणे-खेळणे शंभर वर्षे लोटल्यावरही आपल्याला पाहावयास मिळते.

कला गाण्याची असो वा चित्रपटाची, ती आपोआप टिकत नाही. शिष्य ती कंठात जपतो, संग्राहक पेटीत जपतो, आणि थंडीत शाल पांघरून बसलेला रसिक ती मनात जपतो. म्हणूनच सवाई गंधर्वांच्या महोत्सवाची सांगता त्यांच्याच भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने होते. गायक मंचावर नसतो. तरीही सारा मांडव स्तब्ध बसून त्याचे गाणे ऐकत असतो.