ग्रीन बेचा स्टँडबाय

हॉस्टेलचा जनरेटर तुम्ही पाहिला असेलच. लाइट असताना नुसता उभा असतो, पण अधूनमधून चालवून ठेवला नाही तर नेमकी सबमिशनच्या रात्री बॅटरी उतरलेली! रिलायबिलिटीच्या भाषेत हा स्टँडबाय. मला त्याचं झकास उदाहरण सापडलं ते अमेरिकन फुटबॉलमध्ये.

या खेळात क्वार्टरबॅकची जागा एकच. जवळजवळ प्रत्येक चालीला चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे ठरवायचं; तेवढ्यात सव्वाशे किलोचे गडी अंगावर चालून येत असतात. असा माणूस जखमी झाला किंवा म्हातारा झाला तर?

विस्कॉन्सिनमधल्या लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावात पॅकर्स हा संघ आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांचा डॉन माजकोव्स्की जखमी झाला आणि ब्रेट फार्व मैदानात उतरला. आदल्या वर्षी अटलांटाकडून त्याने चार पास फेकले होते. आपल्या माणसाला एकही नाही, विरोधकांना दोन! पण हा पठ्ठ्या ग्रीन बेकडून पुढे साखळीचे सलग २५३ सामने सुरुवातीपासून खेळला.

आता इतका भरवशाचा माणूस असताना २००५ मध्ये संघाने ॲरन रॉजर्सला निवडलं. त्याला तयार करायचं माझ्या करारात नाही, अशा अर्थाचं फार्व बोलूनही गेला. (सिनियर लोक सगळीकडे सारखेच!) रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला, पण रिकामा नाही. सरावात राखीव क्वार्टरबॅक पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो आणि आपल्याच बचावफळीशी झुंजतो. म्हणजे जनरेटर चालू, फक्त लोड घराचा नाही.

२००८ च्या मार्चमध्ये फार्व निवृत्त झाला, उन्हाळ्यात परत येतो म्हणाला, तेव्हा संघाने त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं. लोक भयंकर चिडले. त्यात रॉजर्सच्या पहिल्या मोसमात ६ विजय, १० पराभव. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच रॉजर्सने सुपर बोल जिंकून दिला.

मग २०२० मध्ये संघाने रॉजर्सच्याच डोक्यावर जॉर्डन लव्ह आणून बसवला. इथे मात्र मला शंका आहे. स्टँडबाय फुकट मिळत नाही. ती पहिल्या फेरीची निवड आत्ता उपयोगी पडेल अशा खेळाडूवर खर्च करता आली असती. रॉजर्स २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी सुपर बोल हुकलाच. जानेवारी २०२१ मध्ये ते टॅम्पा बेकडून घरच्या मैदानावर ३१-२६ असे हरले, म्हणजे अगदी दाराशी येऊन.

तरी शेजारच्या शिकागोकडे बघा. १९९२ ते २०२२ या काळात बेअर्सनी तीसहून अधिक क्वार्टरबॅकना सुरुवात करायला लावली. बहुतेकांना शिकायला वेळच नाही. आले, उतरवले, बदलले.

२०२३ मध्ये रॉजर्सही जेट्सकडेच गेला आणि पहिल्याच सामन्यात, चौथ्या चालीला, घोट्यामागची शीर तुटून बाहेर पडला. इकडे तीन वर्षं बसलेला लव्ह पहिल्या नऊपैकी सहा सामने हरला. पण संघाने त्याला बदललं नाही. उरलेल्या आठपैकी सहा त्याने जिंकले, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफला डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ ने लोळवलं.