झिप ड्राइव्हची टकटक आणि दुकानाचा हिशेब

दुकानाचा हिशेब, उधारीची यादी, डिझाइनचे नमुने हे सारे संगणकावर ठेवणाऱ्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी आज आम्ही एक जुनी हकीकत अभ्यासाला घेतली आहे. हकीकत अमेरिकेतील एका यंत्राची आहे. पण ते यंत्र मुंबई-पुण्याच्या डीटीपीवाल्यांच्या टेबलावरही येऊन पोहोचले होते आणि १९९५ ते २००० या काळात ज्यांनी छपाईचा धंदा केला त्यांना त्याचे नाव ठाऊक असेल. ते यंत्र म्हणजे झिप ड्राइव्ह.

त्या काळी एका संगणकावरचे काम दुसऱ्या संगणकावर न्यायचे तर फ्लॉपी वापरत. फ्लॉपीत मावे १.४४ एमबी. हिशेबाची फाइल तेवढ्यात बसे, रंगीत पत्रिकेचे किंवा कॅलेंडरचे काम बसत नसे. एका कामाचे दहा-वीस तुकडे करून तितक्या फ्लॉप्या फिल्म काढणाऱ्याकडे न्याव्या लागत आणि त्यांतली एक वाचली गेली नाही की सगळे काम अडे. अशा वेळी अमेरिकेच्या यूटा राज्यातील रॉय या गावच्या आयओमेगा कंपनीने १९९५ साली १०० एमबीची झिप डिस्क बाजारात आणली. एका डिस्कमध्ये जवळजवळ सत्तर फ्लॉप्यांचा माल! तिकडे ड्राइव्ह सुमारे २०० डॉलरला आणि डिस्क सुमारे २० डॉलरला मिळे. गरज खरी होती, म्हणून माल हातोहात खपला. १९९८ पर्यंत एक कोटीहून जास्त ड्राइव्ह विकले गेले होते.

आता हे यंत्र चालते कसे ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे नुकसान त्यातूनच समजते. झिप डिस्कच्या कडक डबीत फ्लॉपीसारखीच लवचीक, चुंबकीय लेप दिलेली चकती असते. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, झिपची चकती जवळजवळ ३,०००. तिच्या वर एक व खाली एक अशी दोन बारीक हेडे असतात. टेपरेकॉर्डरच्या हेडचे जे काम तेच त्यांचे. डिस्क आत नसते तेव्हा ही हेडे मागे सरकून बाजूला थांबतात. डिस्क आत गेली, चकतीने वेग घेतला, की ती बाहेरून आत येतात, म्हणजे चकतीच्या कडेवरून तिच्या अंगावर चढतात. कड गुळगुळीत असेल तर काही होत नाही. कडेला चीर पडलेली असेल, लेप उचकटलेला असेल, तर इतक्या वेगात तीच कड हेडला लागते आणि नाजूक हेड वाकते किंवा तुटते.

दुसरी गोष्ट चकतीवरच्या खुणांची. कारखान्यातच चकतीवर काही खुणा लिहून ठेवतात. हेड कोणत्या वाटेवर आहे हे यंत्र त्या खुणांवरून ओळखते. घरच्या ड्राइव्हला या खुणा फक्त वाचता येतात, पुन्हा लिहिता येत नाहीत. म्हणून त्या एकदा पुसल्या की डिस्क कितीदाही फॉरमॅट करा, ती जिवंत होत नाही. फ्लॉपी फॉरमॅट करून पुन्हा चालवण्याची सवय असलेल्यांना ही गोष्ट लवकर पटत नसे.

खुणा सापडल्या नाहीत की ड्राइव्ह हेडे मागे ओढून घेतो आणि पुन्हा पुढे टाकतो. पुन्हा नाही सापडल्या, पुन्हा मागे. या प्रत्येक खेपेला टक् असा आवाज होतो. डिस्क घालताना किंवा काढताना एखादा टक् होणे यात काही वावगे नाही. तालात टक्, टक्, टक् चालूच राहिले आणि फाइल उघडली नाही, तर मात्र दुखणे आहे. अमेरिकेत लोकांनी त्याचे नावच ठेवले होते, ‘क्लिक ऑफ डेथ’, मरणाची टकटक.

या दुखण्याची खरी वाईट बाजू अशी की ते पसरत असे. समजा, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका कारागिराचा ड्राइव्ह टकटक करू लागला. माणसाच्या मनात पहिला विचार येतो की ही डिस्क खराब असेल, दुसरी घालून पाहू. दुसरीही टकटक करते. मग तिसरी. ड्राइव्हचे हेड मोडलेले असेल तर या तिन्ही डिस्का त्याने खरवडल्या. आता तो बिचारा त्यातली एक घेऊन शेजारच्या छापखान्यात जातो, तुमच्या ड्राइव्हवर जरा लावून पाहता का म्हणतो. शेजारी भल्या मनाने लावतो. खरवडलेल्या चकतीची कड आता शेजाऱ्याच्या चांगल्या हेडला लागते. एक बिघडलेला ड्राइव्ह, त्याने बिघडवलेली डिस्क, त्या डिस्कने बिघडवलेला दुसरा ड्राइव्ह. प्रत्येक डिस्कने असे होत नसे, पण कोणत्या डिस्कने होईल ते आधी कळायला मार्ग नव्हता. माल वाचवण्यासाठी जी धडपड केली तिनेच नुकसान वाढले. पहिल्या टकटकीला हात आवरला असता तर गेली असती एकच डिस्क, आणि तीही कदाचित गेली नसती.

कंपनीचे म्हणणे काय होते? हा त्रास वापरणाऱ्यांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी लोकांना होतो, असे तिने सांगितले. ऐकायला आकडा लहान. पण व्यापाऱ्याने टक्का ऐकला की लगेच नग काढावेत. एक कोटीचा अर्धा टक्का म्हणजे पन्नास हजार. शिवाय पन्नास हजारांतला प्रत्येक जण ड्राइव्हच्या किमतीपुरता थांबत नाही, त्याच्यामागे त्याच्या डिस्का आणि डिस्कांमागे त्याचे काम असते. कॅलिफोर्नियातील स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरने १९९८ साली ड्राइव्ह व डिस्क तपासण्याचा ‘ट्रबल इन पॅराडाइज’ नावाचा प्रोग्रॅम फुकट वाटला आणि या बिघाडाची तपशीलवार माहिती लोकांपुढे ठेवली. आमच्या मते हे काम माल विकणाऱ्याने आपणहून करायला हवे होते. ऐब सांगून विकलेल्या मालाबद्दल गिऱ्हाईक सहसा भांडत नाही.

सप्टेंबर १९९८ मध्ये डेलावेअर राज्यात कंपनीवर सर्व ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. त्यातला एक मुद्दा दुकानदाराने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. माल विकला म्हणजे तो नेहमीच्या वापराला योग्य असणारच, अशी एक न लिहिलेली हमी कायदा धरून चालतो. कंपनीने ती हमी कागदावर नाकारली होती आणि तो कागद खोक्याच्या आत होता. ग्राहक म्हणाले, पैसे देण्याआधी जो कागद दिसतच नाही तो आम्हाला कसा बांधील? १९९९ साली न्यायालयाने या मुद्द्यावर कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. खोके उघडल्यावर कागद वाचता येतो, पटला नाही तर माल परत करता येतो, असा त्याचा आशय. पुढे २००१ मध्ये तडजोड झाली. तिच्यात ग्राहकाच्या वाट्याला मुख्यतः कंपनीचाच पुढचा माल घेताना मिळणारी सवलत आली. ज्याचे वर्षाचे काम गेले त्याला कंपनीच्याच दुसऱ्या वस्तूवर काही डॉलरची सूट!

आपल्याकडे काय? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला व तो जुलै २०२० पासून लागू झाला. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेला माल असेल तर घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, हे या कायद्यातही कायम आहे. मात्र स्वतःच्या हाताने धंदा करून केवळ पोट भरण्यासाठी जो यंत्र घेतो आणि वापरतो, तो ग्राहक धरला जातो. म्हणजे स्वतः पत्रिका छापणारा, स्वतः भरतकामाचे यंत्र चालवणारा कारागीर आयोगाकडे जाऊ शकतो. पंधरा माणसे कामाला ठेवलेल्या कारखानदाराची वाट अवघड आहे. म्हणून कारागीर बंधूंनी यंत्राचे पक्के बिल स्वतःच्या नावाने घ्यावे आणि हमीपत्र त्याच्यासोबत ठेवावे. मात्र फार आशा धरू नये. मालाच्या दोषामुळे झालेल्या हानीबद्दल निर्मात्याला जबाबदार धरण्याचे प्रकरण नव्या कायद्यात आहे, पण त्या हानीच्या व्याख्येतून धंद्याचे आर्थिक नुकसान वगळलेले आहे. हमी ड्राइव्हची असते, आतल्या हिशेबाची नसते. हे तेव्हाही खरे होते व आजही आहे.

असो. झिपचे प्रतिस्पर्धीही फार सुखात नव्हते. आयओमेगानेच एक जीबीचा जॅझ ड्राइव्ह काढला, त्यात लवचीक चकतीऐवजी हार्ड डिस्कसारख्या कडक चकत्या होत्या. हार्ड डिस्क बंद पेटीत असते म्हणून टिकते, इथे ती डबीत घालून आत-बाहेर करायची, म्हणजे धूळ आलीच. सायक्वेस्ट कंपनीने १९९८ मध्ये स्पार्क नावाचा एक जीबीचा स्वस्त ड्राइव्ह आणला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने दिवाळे काढले. ज्यांनी आपले काम त्या डिस्कांवर ठेवले होते त्यांची डिस्क चांगली असूनही अडचण झाली, कारण ती वाचणारे नवे यंत्र मिळेना. झिप पुढे २५० व ७५० एमबीपर्यंत गेला, पण कोऱ्या सीडी स्वस्त झाल्या, मग पेन ड्राइव्ह आले आणि त्याचा बाजार संपला. २००८ मध्ये आयओमेगा ईएमसी कंपनीने विकत घेतली.

ज्यांच्या कपाटात आजही झिप डिस्का पडून आहेत, जुन्या उर्दू पत्रिकांच्या इनपेज फाइली असतील, कॅलेंडरची डिझाइने असतील, त्यांनी घाई करू नये. जुन्या बाजारातून ड्राइव्ह आणला तर त्यात आधी कामाची डिस्क मुळीच घालू नये. बॅटरी मारून ड्राइव्हच्या फटीतून आत पाहावे, हेडे सरळ दिसतात का ते बघावे. मग गेली तरी चालेल अशी एखादी डिस्क घालावी, तिच्यावर लिहून पुन्हा वाचून पाहावे. कामाच्या डिस्कचे धातूचे दार हळूच सरकवून, मधली चकरी बोटाने फिरवत चकतीची कड पूर्ण पाहावी. चकतीला बोट लावू नये. कडेला चीर किंवा उचकटलेला भाग दिसला तर ती डिस्क कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नये, तुमच्याही नाही आणि शेजाऱ्याच्याही नाही. सगळे ठीक निघाले तर सर्वांत महत्त्वाची डिस्क आधी उतरवून घ्यावी, कारण जुना ड्राइव्ह किती वेळ साथ देईल हे सांगता येत नाही.

आजच्या साधनांची गोष्ट वेगळी नाही. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क टकटक करू लागली तर बहुधा तिचीही हेडे खुणा शोधत असतात. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहणे म्हणजे चकती आणखी खरवडणे. वायर काढावी व ती बाजूला ठेवावी. पेन ड्राइव्ह तर आवाजही करत नाही, काल चालला आणि आज संगणकाला दिसतच नाही असे होते. त्यातच बाजारात खोटे पेन ड्राइव्ह असतात. वर १२८ जीबी छापलेले, संगणकही १२८ दाखवतो, आत प्रत्यक्षात जागा आठचीच. आठ जीबीपर्यंत सर्व ठीक, पुढचा माल एक तर हवेत जातो किंवा आधीच्या मालावर चढतो. नवा पेन ड्राइव्ह आणला की तो एकदा काठोकाठ भरावा आणि भरलेल्या फाइली उघडून पाहाव्या. त्यानंतरच त्यावर हिशेब ठेवावा.

जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपावी लागतात. पेन ड्राइव्ह मेला ही सबब तिथे चालत नाही. टॅलीचा बॅकअप रोज एकाच पेन ड्राइव्हवर घेणाऱ्यांनी निदान दोन वेगवेगळ्या जातीच्या साधनांवर तो घ्यावा, एक दुकानात व एक घरी. आठवड्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून महिन्याची बेरीज जुळते का ते बघावे. बॅकअप झाला असा संदेश पडद्यावर दिसणे आणि तो बॅकअप उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि वेळ आलीच, डिस्क घेऊन डेटा काढून देणाऱ्याकडे जावे लागले, तर आपण काय काय करून पाहिले ते त्याला खरे सांगावे. तपासणीचे किती, डेटा निघाला तर किती आणि नाही निघाला तर किती, हे डिस्क हातात देण्याआधी कागदावर लिहून घ्यावे.