कामगारांसाठी जागा आणि कल्याण सुविधा : हिशोब कसा करावा?

कारखान्यात एका खोलीत किती माणसं कामाला लावायची, हे मालकाच्या मर्जीवर नसतं. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये त्याचं मोजमाप दिलेलं होतं. आज आपण ते उदाहरणासह समजून घेऊ.

१) जागेचा हिशोब

कलम १६ प्रमाणे, कायदा आल्यानंतर बांधलेल्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा लागत असे. त्याआधीच्या कारखान्यांना ९.९ घनमीटरची सूट होती. एक अट मात्र नीट लक्षात ठेवा : जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा धरली जात नसे.

उदाहरण : एक शेड १८ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. तिथे किती कामगार चालतील?

चुकीची रीत : १८ × १० × ६ = १०८० घनमीटर; १०८० ÷ १४.२ = ७६.०६, म्हणजे ७६ कामगार.
बरोबर रीत : १८ × १० × ४.२ = ७५६ घनमीटर; ७५६ ÷ १४.२ = ५३.२४, म्हणजे ५३ कामगार.

फरक तब्बल २३ माणसांचा! छत कितीही उंच असलं तरी खाली वावरायची जागा वाढत नाही. म्हणजे गणित चुकलं तर त्या शेडमध्ये २३ माणसं जास्तीची कोंबली जातात. म्हणूनच उंची लिहिताना आधी ४.२ शी ताडून बघायची सवय लावा.

२) सुविधांचा हिशोब

समजा, एका कारखान्यात एका वेळी ३२० कामगार आहेत. त्यांत ८० महिला. १९४८ च्या कायद्याप्रमाणे :

• प्रथमोपचार पेटी (दर १५० कामगारांमागे एक) : ३२० ÷ १५० = २.१३, म्हणून ३ पेट्या.
• थंड पिण्याचे पाणी उन्हाळ्यात (२५० पेक्षा जास्त) : हवे.
• उपाहारगृह (२५० पेक्षा जास्त) : हवे.
• विश्रांतीची व जेवणाची खोली (१५० पेक्षा जास्त) : हवी.
• पाळणाघर (३० पेक्षा जास्त महिला) : हवे.
• उपचार कक्ष (५०० पेक्षा जास्त) : सक्ती नाही.
• कल्याण अधिकारी (५०० किंवा जास्त) : सक्ती नाही.

इथे एक गंमत बघा. जागा मोजताना ५३.२४ चे ५३ केले, पण पेट्या मोजताना २.१३ च्या ३ केल्या. असं का? माणसं मर्यादेत ठेवायची असतात, म्हणून अपूर्णांक सोडायचा. सोय मात्र शेवटच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे, म्हणून तिथे पुढचा पूर्णांक घ्यायचा. तसंच 'पेक्षा जास्त' आणि 'किंवा जास्त' यांत गल्लत करू नका. बरोबर २५० कामगार असले तर जुन्या कायद्याने उपाहारगृहाची सक्ती नव्हती. २५१ वा आला की होती.

३) नव्या संहितेतील बदल

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये काही आकडे खाली आणले आहेत. उपाहारगृह १०० किंवा जास्त कामगारांना, तर कल्याण अधिकारी २५० किंवा जास्त कामगारांना. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कारखान्याला अधिकारी नेमावा लागेल.

पाळणाघराचा बदल जास्त महत्त्वाचा आहे. आता फक्त महिला मोजायच्या नाहीत. एकूण कामगार ५० पेक्षा जास्त असले की पुरे. जुन्या नियमात ३१ वी बाई कामावर घेतली की खर्च वाढायचा, त्यामुळे तिला नोकरी नाकारायला मालकाला कारण मिळत होतं. नव्या मोजणीत ते कारण उरत नाही. मूल आईचं तसंच बापाचंही, हेही त्यातून मान्य होतं.

स्वाध्याय

१. खोली २० × १२ × ५ मीटर आहे. मालकाला ७१ कामगार बसवायचे आहेत. चालेल का? (भागाकार ७०.९९ येतो, जपून उत्तर द्या!)
२. ४६० कामगारांना किती प्रथमोपचार पेट्या लागतील?
३. तुमच्या ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपची लांबी-रुंदी विचारून तिथली मर्यादा काढा.