घटक ४ : कवितेतील ‘मी’ आणि हिप-हॉपची भाषा

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• हिप-हॉप आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांची राजकीय अस्मिता यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• ‘अशुद्ध’ ठरवल्या गेलेल्या बोलीची व्याकरणव्यवस्था सोदाहरण सांगता येईल.
• कवी आणि कवितेतील ‘मी’ यांतील भेदाचे सामाजिक परिणाम विशद करता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कवितेतील ‘मी’ म्हणजे प्रत्यक्ष कवी नव्हे, हे सूत्र आपण काव्यविचारात वाचले आहे. उत्तरपत्रिकेत ते दोन ओळींत लिहून आपण पुढे जातो. अमेरिकेत मात्र या सूत्रावर आरोपीचे स्वातंत्र्य अवलंबून राहिल्याची उदाहरणे आहेत. रॅप गीतातील ‘मी’चे कथन हा जणू गीतकाराचा कबुलीजबाब आहे, असे समजून ते न्यायालयात वाचले गेले. असे का घडते, हे समजण्यासाठी या गीतांचा उगम, त्यांची बोली आणि त्यांतील निवेदक या तिन्हींचा विचार करावा लागतो.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ उदय आणि राजकीय आशय

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका युवतीने मेजवानी ठेवली होती. तिचा जमैकात जन्मलेला भाऊ, डीजे कूल हर्क, तेथे संगीत वाजवीत होता. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती आळीपाळीने वाजवून नृत्याला पोषक असा तालाचा तुकडा लांबवण्याचे त्याचे तंत्र हिप-हॉपचा पाया ठरले. महामार्गाने दुभंगलेल्या आणि कारखाने गमावलेल्या या वस्तीत आनंदाची जागा निर्माण करणे हीच मुळात एक सामाजिक कृती होती.

पुढे आशय अधिक उघडपणे राजकीय झाला. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या ‘द मेसेज’ने (१९८२) वस्तीतील दैन्य गाण्यात आणले. पब्लिक एनिमी या गटाचे ‘फाइट द पॉवर’ (१९८९) स्पाइक ली यांच्या चित्रपटासाठी रचले गेले. केन्ड्रिक लमार यांचे २०१५ मधील ‘ऑलराइट’ पोलिसी हिंसेविरुद्धच्या मोर्चांत लोकांनी सामूहिकपणे म्हटले. त्यांच्याच ‘डॅम’ या संग्रहाला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात आणि जॅझ या परंपरांबाहेरील कृतीला ते प्रथमच लाभले. मात्र या परंपरेचे सरसकट गौरवीकरण योग्य नाही. तिच्यातील स्त्रीद्वेषावर क्वीन लतीफा यांच्यासारख्या कलावतींनी आतूनच टीका केली आहे.

४.३.२ बोलीचे व्याकरण

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजी बोलीत ‘शी वर्किंग’ आणि ‘शी बी वर्किंग’ अशी दोन वाक्ये आढळतात. प्रमाण इंग्रजीच्या शिक्षकास दोन्ही चुकीची वाटतील. मराठी भाषकाला त्यांतील भेद सहज उमगावा. पहिल्याचा अर्थ सामान्यतः ‘ती काम करत आहे’, तर दुसऱ्याचा ‘ती (नेहमी) काम करत असते’. ‘आहे’ आणि ‘असते’ या रूपांनी मराठी जो भेद दाखवते, तोच ही बोली आपल्या पद्धतीने दाखवते. प्रमाण इंग्रजीला त्यासाठी बहुधा एखाद्या क्रियाविशेषणाची मदत घ्यावी लागते. मग अपुरे व्याकरण कोणाचे?

विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात या बोलीची नियमबद्धता दाखवून दिली. तरीही डिसेंबर १९९६ मध्ये ओकलंडच्या शालेय मंडळाने तिला अध्यापनात स्थान देण्याचा ठराव केला, तेव्हा देशभर थट्टा झाली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील भाषावैज्ञानिकांच्या संस्थेने ही बोली नियमबद्ध असल्याचा ठराव संमत केला. बोली सदोष ठरवणे म्हणजे बोलणाऱ्याची साक्ष आधीच कमी विश्वासार्ह ठरवणे होय.

४.३.३ ‘मी’ कोणाचा?

जॉनी कॅश यांच्या १९५५ मधील ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ या गीतातील ‘मी’ खून केल्याचे सांगतो. परंतु त्यावरून गायकाला कोणी खुनी मानले नाही. रॅपच्या वाट्याला ही सवलत सहसा येत नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्राइड यांनी १९९० च्या दशकात एका जुन्या लोकगीतातील हिंसक ओळी वाचकांना दिल्या. त्या रॅपच्या आहेत असे सांगितल्यावर, कंट्री संगीताच्या म्हणून सांगितल्या त्यापेक्षा, वाचकांना त्या अधिक आक्षेपार्ह वाटल्या. शब्द तेच होते. बदलला होता तो कल्पिलेला वक्ता.

न्यू जर्सीतील एका खटल्यात आरोपीने गुन्ह्याच्या बऱ्याच आधी लिहिलेल्या गीतांची तेरा पाने पंचांसमोर वाचली गेली. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दोषसिद्धी टिकणार नाही, असा निर्णय दिला. काल्पनिक ‘मी’च्या कृत्यांसाठी बॉब मार्ले किंवा एडगर अ‍ॅलन पो यांना कोणी दोषी धरत नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा पुराव्यातून वांशिक पूर्वग्रह शिरण्याची शक्यता तपासणे न्यायाधीशांवर बंधनकारक केले.

४.३.४ मराठीशी नाते

१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव ओकलंडमध्ये १९६६ साली उभ्या राहिलेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेतले. त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि पांढरपेशा वाचकाला अपरिचित असलेली भाषा कवितेत आली. दोन्हीकडे वादाचा विषय एकच होता : कोणाची भाषा साहित्याची मानायची?

४.४ सारांश

‘मी’ला कल्पनेचे स्वातंत्र्य देणे हा केवळ वाङ्मयीन संकेत नाही. ते कोणाला मिळते आणि कोणाला नाकारले जाते, यावरून समाज कोणाला कलावंत मानतो आणि कोणाला संशयित, हे कळते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘आहे’ आणि ‘असते’ यांतील भेदाच्या आधारे बोलीची नियमबद्धता स्पष्ट करा.
२. कॅरी फ्राइड यांच्या प्रयोगातून काव्यवाचनाविषयी कोणता निष्कर्ष निघतो?
३. उपक्रम : आपल्या घरच्या बोलीतील, शाळेत ‘चूक’ ठरलेली तीन वाक्ये नोंदवा व त्यांमागील नियम शोधा.